लेखिका इथेच बसली आहे

४ ऑगस्ट

प्रिय मास्तरीणबाई,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "आई, मुद्द्यावर ये" म्हणतेस आणि मी मुद्दा विसरते. कागद बिचारा मधे तोडत नाही.

तर विद्यापीठ सुरू झालं. आमच्या लेखनाच्या वर्गात डझनभर जण आहेत आणि माझ्याहून मोठं कोणी नाही, शिकवणाऱ्या बाईंसकट. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मीच शिकवणार. मी "बसा, बसा" म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं बरं वाटलं.

बाईंचा आवाज हळू आहे, पण नजर जबर. त्यांचा एक नियम आहे. ज्याची गोष्ट चर्चेला असेल त्याने चर्चा संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने ऐकायचं. पहिली पाळी एका दाढीवाल्याची होती. त्याच्या गोष्टीत कुत्रा होता. तो कुत्रा म्हणजे समाज की एकटेपणा यावर अर्धा वर्ग एकमेकांवर तुटून पडला. दाढीवाला घामाघूम होऊन ऐकत होता. शेवटी बाईंनी त्याला बोलायची परवानगी दिली तर म्हणाला, आमच्याकडे कुत्रा आहे. मी हसत सुटले, तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळा आठवली.

बाई म्हणतात, ज्याला त्याला आपला आवाज सापडला पाहिजे. मी मनात म्हटलं, माझा हरवलाय कुठे, शेजाऱ्यांना विचारा. पण घरी येऊन लिहायला बसले तेव्हा कळलं की प्रकरण इतकं सोपं नाही. चार पानं फाडली. त्यातल्या एकातही मी नव्हते.

मग पाचवं पान जमलं. आपल्या लाँड्रीवर आणि तुझ्या बाबांवर लिहिलं आहे. विभागात हाताने लिहिलेलं चालत नाही, म्हणून पानं सोबत पाठवते. टाइप करून त्यांच्या ईमेलवर पाठव. शुद्धलेखन बघ, ते तुझं कामच आहे. बाकी कशाला हात लावू नकोस. तुला वाचायला जड जाईल, पण वाच.

तुझी,
विद्यार्थिनी आई


१३ ऑगस्ट

प्रिय आई,

गोष्ट टाइप करून पाठवली, विभागाची पोचही आली. ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. थोडी लांबण होती ती कमी केली, काही वाक्यं जरा नीटनेटकी केली. दिवसभर लोकांची पाठ्यपुस्तकं तपासून हाताला सवय लागली आहे, रागावू नकोस.

काकांचा फोन आला होता. "वहिनींना या वयात हे काय सुचलं" म्हणत होते. मी म्हटलं, तुम्हीच विचारा तिला. विचारणार नाहीत. तुला घाबरतात ते.

गुडघा कसा आहे? विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणालीस, लिफ्ट चालू आहे ना? उगाच हौसेने जिने चढत बसू नकोस. आणि लोकांच्या गोष्टींना हसू नकोस, तुझीही पाळी येणार आहे.

तुझी,
मास्तरीण


२७ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

वर "प्रिय" लिहायचं राहिलेलं नाही. लिहिलेलं नाही.

काल माझ्या गोष्टीची पाळी होती. प्रती वाटल्या. मी चष्मा लावून पहिलं वाक्य वाचलं आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाची गोष्ट हातात आली. "तो गेला आणि घरातल्या वस्तू निःशब्द झाल्या." वर नाव माझं. मी काय लिहिलं होतं ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. "नवरा गेला त्या दिवशी मला रडू यायच्या आधी भूक लागली." माझ्या घरात कोणतीही वस्तू कधी निःशब्द झालेली नाही. फ्रिजसुद्धा रात्रंदिवस घरघरतो.

पुढे वाचत गेले. मी भांडलेली जागा गायब. मी इस्त्री आपटली ती गायब. त्याऐवजी कोणी एक बाई खिडकीशी उभी राहून दूर बघते आहे. आपल्या दुकानाच्या खिडकीतून समोरच्या बँकेची भिंत दिसते, तिच्याकडे कोण कशाला बघत बसेल? आणि शेवटचं पान तर अख्खंच नाही.

बरं, वर्गाला गोष्ट आवडली. आवडली म्हणजे काय, डोक्यावर घेतली. किती संयत, किती तरल, असं चाललं होतं. मी नियमाप्रमाणे मूग गिळून बसले होते. मग लाल चष्मा लावणारी एक हुशार मुलगी आहे, ती म्हणाली, "लेखिकेला म्हणायचंय की हे दुःख शब्दांच्या पलीकडचं आहे."

लेखिकेला म्हणायचंय की. तीस-बत्तीस वर्षं दुकानाच्या काउंटरवर मी तोंड उघडलं की तुझे बाबा मागच्या टेबलावरून म्हणायचे, "हिला म्हणायचंय की." गिऱ्हाईक विचारी, हा डाग निघेल का. मी म्हणे, निघेल, पण कापड जुनं आहे. लगेच मागून, "हिला म्हणायचंय की दोन दिवस लागतील." मला तसं म्हणायचं नसे. पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघून मान हलवी आणि पावती घेऊन जाई. लग्नघरी, दवाखान्यात, तुझ्या शाळेतसुद्धा तेच. मी बोलायचं आणि त्यांनी माझं भाषांतर करायचं. आता ते गेले, तर ते काम तू घेतलंस.

बाईंनी ही गोष्ट विभागाच्या वार्षिक पुस्तकासाठी निवडली आहे. हिवाळ्यात प्रकाशन आहे, तेव्हा सगळ्यांसमोर वाचायचीही आहे. म्हणजे जी गोष्ट माझी नाही ती माझ्या नावावर कायमची छापली जाणार. ते मी होऊ देणार नाही. माझी पानं परत पाठव.

आई


५ सप्टेंबर

प्रिय आई,

पानं पाठवणार नाही.

मी काय केलं ते मला ठाऊक आहे आणि मी पुन्हाही तेच करीन. तू लिहिलं आहेस की बाबा गेल्यावर घरी भेटायला आलेल्या लोकांशी तू सलग बोललीस, कोणी अडवलं नाही, आणि तुला मोकळं वाटलं. हे काका वाचणार. दुकानाची जुनी गिऱ्हाइकं वाचणार. मी वाचलं. मी त्यांची मुलगी आहे, हे तुझ्या कुठल्याही पानावर तुझ्या लक्षात असल्याचं दिसत नाही. ज्या माणसावर तू लिहिलंस त्याला आता उत्तर देता येत नाही. त्याच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला नको?

आणि शेवटचं पान मी बाबांसाठी काढलेलं नाही. तुझ्यासाठी काढलं. झटका आल्यावर त्यांची वाचा गेली आणि हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांशी तू त्यांच्या वतीने बोलायला लागलीस. "यांना म्हणायचंय की उशी उंच हवी, यांना म्हणायचंय की भेटायला कोणी नको." ते मान हलवत राहायचे आणि तू बोलत राहायचीस. इथवर ठीक आहे. पण त्याखाली तू लिहिलंस, "मला बरं वाटत होतं." आई, हे कोणी लिहितं का? लोक तुला काय म्हणतील याचा विचार केलास?

तुझ्या वर्गाला गोष्ट आवडली. बाईंना आवडली. मग माझं चुकलं कुठे?

तुझी,
मास्तरीण


१८ सप्टेंबर

प्रिय मास्तरीण,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण "प्रिय" परत देते आहे, कारण या वेळी तू सरळ बोललीस. गुळगुळीत बोलण्यापेक्षा भांडण बरं.

पानं ठेव तुझ्याकडे. मी गोष्ट पुन्हा लिहिली, पहिल्यापासून. आठवायला काही त्रास पडला नाही. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतली. तो एकही शब्द बदलत नाही, चुकीचासुद्धा नाही.

मग बाईंकडे गेले आणि सांगितलं, निवडलेली गोष्ट माझी नाही, ती माझ्या मुलीची आहे, तिला बक्षीस द्यायचं तर द्या. बाईंनी नवी गोष्ट तिथेच उभ्या उभ्या वाचली. म्हणाल्या, ही वर्गासमोर ठेवावी लागेल. आणि विभागप्रमुखांना पहिलीच हवी असणार, हेही सांगून ठेवते.

वर्गात काय झालं ते ऐक. कोणालाही आवडली नाही. बडबड फार, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, सहानुभूती कोणाबद्दल वाटावी तेच कळत नाही. दाढीवाला म्हणाला, "लेखिका चिडलेली वाटते." माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "लेखिका इथेच बसली आहे आणि ती चिडलेलीच आहे." मग मी जी सुटले ती सुटलेच. कोणत्या वाक्याचा अर्थ काय, हे का लिहिलं, ते तसं का नाही, सगळं सांगितलं. बाईंनी मला अडवलं नाही. मला वाटलं, जिंकले.

वर्ग सुटल्यावर बाईंनी थांबवून घेतलं. मला वाटलं, नियम मोडला म्हणून बोलणी बसणार. त्यांनी माझ्या गोष्टीची प्रत पुढे ठेवली आणि विचारलं, "तुम्ही आत्ता वर्गाला समजावून सांगितलंत, तसं गोष्टीत किती ठिकाणी समजावलं आहे, बघा बरं." मी बघितलं. जागोजागी. भूक लागली असं लिहिलं की पुढे लगेच, "म्हणजे माझं प्रेम नव्हतं असं नाही." इस्त्री आपटली की पुढे, "तशी मी तापट नाही." शेवटच्या पानावर, बरं वाटत होतं याच्यापुढे, अर्धा परिच्छेद नुसती सारवासारव. बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीने खोडायला नको होतं ते खोडलं. पण तुम्ही तरी स्वतःचं वाक्य एकटं कुठे सोडता?"

मी फणकारून घरी आले. बाईंनाही काही कळत नाही, असं दोन दिवस म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी पेन घेऊन बसले. कोणी मागून अर्थ सांगायच्या आत आपणच सांगून टाकायचा, ही सवय मला लागली होती, मला पत्ताच नव्हता. प्रत्येक सारवासारव खोडली. फार दुखलं ग. "माझं प्रेम होतं" हे खोडताना तर हात थांबलाच होता. पण ते खोडलं तेव्हा मला ते पुढच्या वाक्यात दिसलं. त्यांचे शर्ट मी अजून इस्त्री करून ठेवते, ते वाक्य. ते मी उगाच लिहिलं होतं, समजावण्यासाठी नव्हे.

ती गोष्ट तिसऱ्यांदा वर्गात गेली. या वेळी मी गप्प बसले, मला बसायचं होतं म्हणून. लाल चष्मेवाली म्हणाली, "मला ही बाई आवडली नाही, पण तिचं ऐकत राहावं लागलं." मला असं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही.

बाईंनी विभागप्रमुखांशी भांडून ती गोष्ट पुस्तकात घातली आहे. शेवटच्या पानासकट. आणि लोक काय म्हणतील विचारलंस ना, तर हो, मला बरं वाटत होतं. त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि बोलायला मिळतं म्हणून बरंही वाटत होतं, एकाच पलंगाशी, एकाच वेळी. यातलं अर्धंच छापायचं असेल तर मग न छापलेलं बरं.

वाचनाला तू यावंस अशी माझी इच्छा आहे. भावजींनाही बोलावलं आहे.

तुझी,
आई


२ ऑक्टोबर

आई,

मी येणार नाही. ते शेवटचं पान तू माइकवरून वाचत असताना काकांच्या शेजारी बसून राहणं मला जमणार नाही. ते पान वगळून वाच, मी पहिल्या रांगेत बसेन. निवड तुझी.

तू म्हणतेस बाबांनी तुला बोलू दिलं नाही. मला त्यांनी कधी मधे तोडलं नाही. शाळेतून आले की दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून मी दिवसभराचं सगळं सांगायची आणि ते इस्त्री बाजूला ठेवून ऐकायचे. तो माणूस तुझ्या गोष्टीत कुठे आहे?

मास्तरीण


९ डिसेंबर

प्रिय मास्तरीण,

वाचन झालं. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत पर्स ठेवून खुर्ची धरली होती. एक-दोघांनी विचारलं, कोणी येणार आहे का? मी हो म्हटलं. सुरुवात झाल्यावर पर्स मांडीवर घेतली.

भावजी आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. माझा नंबर शेवटून दुसरा. माइक माझ्या मानाने उंच होता, तो खाली करता करता शिट्टी वाजली आणि सगळे हसले. त्यामुळे भीती जरा मोडली. मग वाचायला लागले.

भूक लागली, इथे कोणीतरी खोकलं. इस्त्री आपटली, इथे बायका हसल्या, हव्या त्याच जागी. शेवटचं पान आलं तेव्हा मी भावजींकडे बघितलं. ते हाताची घडी घालून जमिनीकडे बघत होते. "मला बरं वाटत होतं" हे वाक्य वाचलं आणि माझ्या जिभेवर आलं होतं की तसे ते मनाने फार चांगले होते हो. दोन शब्दांचं काम होतं. भावजींनी मान वर केली असती, तुझ्या कानावर गेलं असतं, मग तूही कदाचित निवळली असतीस. सगळ्यांना सोपं झालं असतं.

मी बोलले नाही. कागदाची घडी केली आणि खाली येऊन बसले.

टाळ्या पडल्या, फार नाही. भावजी बाहेर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, दादाला तुम्ही चव्हाट्यावर आणलंत." मी म्हटलं, "त्यांच्या शेजारी मीही आहे तिथे." चहा ठेवला होता, तो घेतला नाही त्यांनी. पुस्तकाची प्रत मात्र काखेत मारून घेऊन गेले. तुझी प्रत या पत्राबरोबर आहे. वाचलंच पाहिजे असं नाही. पण माझ्या नावाखाली आता माझीच गोष्ट आहे, एवढं तुला कळवायचं होतं.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. तुझं ऐकणारा माणूस माझ्या गोष्टीत नाही, कारण तो मला कधी भेटला नाही.

तुझी,
आई


३ जानेवारी

प्रिय आई,

पुस्तक मिळालं तेव्हा ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. काल ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काढलं. हातात सवयीने पेन्सिल होती. शेवटपर्यंत वाचलं आणि पेन्सिल कुठे टेकवावीशी वाटली नाही, याचा मला राग आला. मी केलेली गोष्ट त्याच्याशेजारी ठेवून बघितली. माझी नीटनेटकी आहे. तुझ्यात तू आहेस. "बडबड फार" म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव, त्याला मी बघते.

तुझी मूळ पानं या पत्रासोबत परत करते आहे. ती माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नव्हता.

पण एका जागी तुझं चुकलं आहे आणि हे मी संपादक म्हणून सांगत नाही. तू लिहिलंस की तू डॉक्टरांना "यांना म्हणायचंय की" सांगायचीस तेव्हा बाबा रागाने मान हलवायचे. ते रागावलेले नव्हते, आई. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसायची, त्यांचा चेहरा माझ्याकडे असायचा. तोंडाची एकच बाजू हलत होती त्यांच्या, पण ते हसत होते. आपलाच डाव आपल्यावर उलटला म्हणून हसत होते. मी शपथेवर सांगेन. पुढच्या वेळी गोष्ट कुठे छापलीस तर ते वाक्य बदल. मी मागे हटणार नाही.

तुझी,
मास्तरीण


११ जानेवारी

प्रिय मास्तरीण,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. ते हसत होते हे मला माहीत नव्हतं. माझ्या बाजूने फक्त मान दिसायची, आणि हात, चादर घट्ट धरलेला. दिवसभर काही सुचलं नाही. इस्त्री तापत ठेवली आणि विसरले, हे माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा झालं.

तरी वाक्य बदलणार नाही. मला राग दिसला, मी राग लिहिला. मी तुझ्या बाजूला बसलेलीच नव्हते, तर तिथून दिसलेलं माझ्या नावावर कसं लिहू? तेच तर तू ऑगस्टमध्ये केलंस.

कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसलेली मुलगी, इस्त्री बाजूला ठेवून ऐकणारा बाप, आणि शेवटी अर्ध्या तोंडाने हसलेला. हे सगळं तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. तू दुसऱ्यांची पुस्तकं तपासत बसलीस म्हणून ते अजून कोणाला माहीत नाही. वर्गात पुढच्या वर्षासाठी अर्ज निघाले आहेत, मी बाईंना तुझ्याबद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, तिला गप्प बसायची सवय आहे का? मी म्हटलं, नाही, आमच्यात कोणालाच नाही.

लिही आणि मला पाठव. मला पटणार नाही, मी भांडेन, पण एक अक्षर खोडणार नाही. तुझे बाबा तू लिही. माझा नवरा मी लिहिला आहे.

तुझी,
आई